झडतीवाल्या द्वारकाबाईंची नखं

द्वारकाबाई रणपिसे यांनी एकतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या फाटकावर बायकांचे अंबाडे चाचपले. पगाराच्या चिठ्ठीवर त्यांच्या हुद्द्याचं नाव इंग्रजी होतं. बायका त्यांना झडतीवाली म्हणत. सकाळी आत जाताना एकदा, संध्याकाळी बाहेर पडताना एकदा. आगपेटी, मिश्रीची डबी, लोखंडी पिन, कमरेला खोचलेली किल्ली. आत काडतुसांमध्ये दारू भरायचं काम चाले. तिथं एक ठिणगी पुरे होती, आणि ठिणगी कशातही लपलेली असू शकते यावर द्वारकाबाईंचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. बाईच्या अंगावर काय आहे ते त्यांच्या बोटांना कळायचं, कित्येकदा त्या बाईच्याही आधी. एकदा एका नव्या मुलीच्या वेणीतून त्यांनी तिलाच ठाऊक नसलेली पिन काढली. मुलगी रडायला लागली. "रडू नको, लाइन थांबलीये," एवढंच द्वारकाबाई म्हणाल्या.

निवृत्तीला आता सात वर्षं झाली. नवरा त्याआधीच गेला. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा त्यांनी खडकी बाजाराच्या मागे पहिल्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. समोरच्या दारात रशीदाबी राहतात. त्याही कारखान्यातल्याच, भरणी विभागातल्या. "दिवसातून दोनदा, बावीस वर्षं," द्वारकाबाईंची ओळख करून देताना रशीदाबी सांगतात, "एवढ्या वेळा तर माझ्या नवऱ्यानं मला हात लावला नाही." द्वारकाबाई यावर हसत नाहीत.

साखर निघाली ती पासष्टाव्या वर्षी. सुरुवातीला द्वारकाबाईंना ती सोपी वाटली. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हणजे दोन दिवस आधी भात सोडायचा, रेल्वे स्टेशनपर्यंत चार फेऱ्या मारायच्या आणि साळसूद चेहऱ्यानं हात पुढे करायचा. आकडा बरा यायचा. मग डॉक्टरांनी तीन महिन्यांची साखर मोजायला सांगितली. ही तपासणी फाटकावर थांबणारी नव्हती. ती मागं मागं जात होती आणि गेल्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक दुपारच्या खिशात हात घालत होती. मार्चमध्ये आकडा आला आठ पॉइंट सात.

दुपारचं असं होतं, की चार वाजता खालच्या बेकरीची दुसरी भट्टी निघते. त्या वासाला दार लावता येत नाही. आणि ज्या हातांनी एकतीस वर्षं रोज शेकडो बायका तपासल्या, ते हात दुपारी मांडीवर पडलेले असत, दोन म्हाताऱ्या मांजरांसारखे. रिकामे हात कुठं तरी जातातच. घरात एकट्या राहणाऱ्या बाईनं खाऊ लपवायचा कुणापासून? पण त्या लपवायच्या. सकाळी लपवायच्या आणि चारला शोधून काढायच्या, आणि सापडलं की त्यांना खरंच थोडं आश्चर्य वाटायचं. कारखान्यात दोन बाजूंना दोन बायका लागत. इथं एकीतच भागत होतं.

मुलगा शुभंकर पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहतो, चौदाव्या मजल्यावर. मार्चचा रिपोर्ट बघून तो म्हणाला, "जूनमध्ये परत तपासू. आठच्या खाली आली नाही तर तू आमच्याकडं यायचं. कायमचं. खोली तयार आहे. श्रद्धानं पडदेसुद्धा लावलेत."

पडदे लावलेत म्हटल्यावर द्वारकाबाई घाबरल्या. माणूस बोलत असतो तोवर ठीक असतं. पडदे लावतो तेव्हा त्यानं ठरवलेलं असतं. श्रद्धा म्हणजे सून, स्वभावानं चांगली. ती आणि शुभंकर दिवसभर वेगवेगळ्या खोल्यांत दारं लावून कानाला यंत्रं अडकवून बोलत. खाली कुंपणापलीकडे ऊस होता. वारा सुटला की तो सगळा एकदम हलायचा, पण चौदाव्या मजल्याच्या काचेतून आवाज येत नसे. द्वारकाबाई दोनदा तिथं राहून आल्या होत्या आणि दोन्ही वेळा तो मुका ऊस बघत बसल्या होत्या.

"साखरेला भिऊन उसात राहायला जायचं," त्या म्हणाल्या. "अक्कल कुणाची ही?"

"आई, विषय बदलू नको."

विषय बदलला तो मे महिन्यात, ऋतिकानं. ज्येष्ठ महिला मंडळाच्या बैठकीत एका शनिवारी ही पंचविशीची मुलगी पाठीला सॅक लावून आली आणि आपण एका संशोधन संस्थेतून आलोय असं सांगून म्हणाली, "मला तुम्हां सगळ्यांच्या पायाची नखं हवी आहेत. कापलेली. थोडीशी."

सगळ्याजणींनी आपापले पाय साडीत ओढून घेतले.

"आज शनिवार आहे," मंडळाच्या अध्यक्ष मुक्ताई म्हणाल्या. "शनिवारी नखं कापत नाहीत."

"मग उद्या येऊ?"

"उद्या अमावस्या."

"सोमवारी?"

"सोमवारी ये. पण नखं अशी परक्याच्या हातात देत नाहीत, ते वेगळं."

"आम्ही तर पुरतो," रशीदाबी म्हणाल्या. "कुंडीत. माझा कढीपत्ता बघून जा जाताना."

द्वारकाबाईंनी विचारलं, "नखात काय बघणार?"

"सेलेनियम," ऋतिका म्हणाली. "खनिज असतं. मातीतून धान्यात येतं, धान्यातून आपल्यात. शरीराला ते अगदी कणभर लागतं, डोळ्याला दिसणारही नाही इतकं. त्याचा आणि साखरेचा काही संबंध आहे का, ते साठीच्या पुढच्या बायकांमध्ये बघतोय आम्ही. रक्तात आत्ताचं कळतं, नखात मागच्या कितीतरी महिन्यांचं साठलेलं असतं."

"आणि ते जास्त असलं की साखर वाढते?"

"काही ठिकाणी तसं दिसलंय. काही ठिकाणी कमी असलेल्यांचीही वाढलेली दिसलीये. नक्की कुणालाच माहीत नाही. म्हणून तर नखं मागतेय, आजी."

"आजी नको. बाई म्हण."

द्वारकाबाई घरी गेल्या त्या वेगळ्याच चालीनं. डोळ्याला न दिसणारी वस्तू, अंगावर बाळगून फिरणाऱ्या बाईलाही ठाऊक नसलेली, आणि तिच्यामुळे सगळं उडतं. हे त्यांना समजण्यासारखं होतं. मुख्य म्हणजे गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं होतं, की साखर द्वारकाबाईंमुळे वाढते असंच काही नाही. दुसरा संशयित सापडला होता.

सोमवारी पहिली नखं त्यांनी दिली. मग बाकीच्यांची रांगही त्यांनीच लावली. "अंगठा पुढे. बोलायचं नंतर." ऋतिका प्रत्येकीला फॉर्मवरचे प्रश्न विचारत होती. पाणी कुठलं, धान्य कुठलं, गोळ्या कुठल्या.

"डोक्याला औषधी शाम्पू लावता का?"

"डोक्याला शिकेकाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "जन्मभर."

ऋतिकानं रक्तही घेतलं. तीन महिन्यांची साखरही संस्थाच मोजून देणार होती, म्हणजे शुभंकरचा जूनचा आकडा आता तिथूनच येणार होता. त्या संध्याकाळी द्वारकाबाईंनी त्याला फोन केला. "तुझी ती आठची अट जरा थांबव. सेलेनियमचा तपास चाललाय."

"कसला?"

"तुला नाही कळायचं. मातीतलं आहे."

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ऋतिकाचा फोन आला. ती आवाज जपून वापरत होती. "बाई, तुमचं सेलेनियम खूप जास्त आलंय. म्हणजे इतकं, की आम्हाला वाटलं यंत्रच बिघडलं. दोनदा मोजलं. तुमचे केस गळतात का?"

"वयाच्या मानानं कमी."

"नखं ठिसूळ झालीत?"

"तूच कापलीस. तू सांग."

"तोंडाला लसणासारखा वास येतो का? सेलेनियम फार झालं की येतो तसा."

"येणारच. मी रोज लसणाची चटणी खाते."

"रोज?"

"भाकरीबरोबर. चहाबरोबर कुणी खातं का?"

ऋतिका म्हणाली, रविवारी येऊन तुमचं घर बघते, काहीतरी पोटात जातंय ते कुठून येतंय ते शोधायला हवं. द्वारकाबाईंना हर्ष लपवता येईना. आरोपी पकडला जाणार होता आणि पंच म्हणून मुलगा हवाच होता. त्यांनी शुभंकरला रविवारी सकाळी अकराला बोलावून घेतलं. ही त्यांच्या हातून झालेली मोठी चूक होती, पण तेव्हा त्यांना फक्त सेलेनियम दिसत होतं.

रविवारी शुभंकर खुर्चीत बसला. रशीदाबी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. द्वारकाबाई पलंगाच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसल्या, आणि ऋतिका कामाला लागली. तिनं तांदळाचा डबा उघडला, वाकून बघितलं, चिमूटभर पिशवीत घेतलं, झाकण लावलं. मग डाळ. मग पीठ. द्वारकाबाईंची बोटं हळूहळू हलायला लागली.

"झालं?"

"हो, हे फडताळ झालं."

"तू वरून बघितलंस."

"डाळच होती बाई."

"वरून डाळच दिसणार. वर कोण ठेवतं?"

"द्वारका," रशीदाबी दारातून म्हणाल्या, "तू गप्प बस." कुठं काय आहे हे या घरात आणखी एकाच व्यक्तीला माहीत होतं, आणि ती व्यक्ती रशीदाबी होत्या.

पण ऋतिकानं दुसरं फडताळ उघडलं, तेही डब्यांची नावं वाचत वाचत, डावीकडून उजवीकडं. इतकी वाईट झडती द्वारकाबाईंनी आयुष्यात बघितली नव्हती. एखाद्या गवय्यानं शेजारघरचा बेसूर रियाज ऐकावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"असं नसतं गं," त्या उठल्याच. "आधी हात लावायचा नाही. आधी नुसतं बघायचं. धूळ कुठं नाही ते बघायचं. जिथं रोज हात जातो तिथं धूळ बसत नाही. आता वरच्या फळीकडं बघ. काय दिसतं?"

ऋतिकानं शिकाऊ मुलीसारखी मान वर केली. "सगळ्यावर धूळ आहे. तो मिक्सर सोडून."

"शाबास."

"चालतो का तो मिक्सर?"

"कुठला. दोन वर्षं बंद आहे," द्वारकाबाई समाधानानं म्हणाल्या, आणि मग एकदम थांबल्या.

ऋतिकानं स्टुलावर चढून मिक्सरचं भांडं काढलं. झाकण उघडलं. आत नानकटाई होती, नीट रचलेली, एकीवर एक.

"आई," शुभंकर म्हणाला.

ऋतिका बिचारी घाईनं झाकण लावत म्हणाली, "हे आमच्या यादीत नाही." पण झाकण लागायला आणि शुभंकर उठायला एकच गाठ पडली. तो कपाटाकडे निघाला होता. तेव्हा रशीदाबी आत आल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"थांब बेटा. फाटकावर एक रीत होती, तुझी आईच पाळायची. बाईनं स्वतः काढून परातीत ठेवलं तर वरपर्यंत जायचं नाही. हात लावल्यावर सापडलं तर मात्र रिपोर्ट. द्वारका, काढून ठेव. हात लागायच्या आत."

द्वारकाबाईंनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि मिक्सरचं भांडं त्यावर रितं केलं. इसबगोलाच्या डब्यातून आंब्याच्या वड्या आल्या. मिटलेल्या छत्रीतून श्रीखंडाच्या गोळ्या, एक एक करत, टपाटपा. देवाच्या वातींच्या पेटीत कापसाखाली गुळाचा खडा होता. शेवटी त्यांनी कमरेला खोचलेली पुडी काढली, तिच्यात खडीसाखर होती, आणि ती ठेवताना त्यांनी कुणाकडंही बघितलं नाही. एकतीस वर्षं ज्या बायका त्यांच्यापुढे अशा उभ्या राहिल्या होत्या, त्यांना तेव्हा काय वाटत असेल असा विचार त्यांच्या मनात आला, तो बहुधा पहिल्यांदाच.

रशीदाबी समोर जाऊन एक स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि टेबलावर ठेवला. "शंकरपाळे. हेही हिचेच. माझ्याकडं ठेवायला दिलेले."

"तुला कुणी सांगितलं आणायला?"

"रीत सगळ्यांना सारखी."

ऋतिकानं ढिगाकडं बघितलं. "पण बाई, यात कशातही एवढं सेलेनियम असणार नाही," ती जवळजवळ माफी मागत म्हणाली, आणि हात धुवायला न्हाणीघरात गेली. तिथं ती बराच वेळ थांबली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक बाटली होती.

"हा शाम्पू कोण वापरतं?"

"कुणी नाही. शुभंकरला लग्नाआधी कोंडा व्हायचा, तेव्हाचा आहे. सहा बाटल्या राहिल्या. टाकून द्यायच्या का? मी पाय धुते त्यानं. रोज लावून दहा मिनिटं ठेवते. टाचा मऊ राहतात."

"मी फॉर्ममध्ये विचारलं होतं तुम्हाला. औषधी शाम्पू."

"तू डोक्याचं विचारलंस."

ऋतिका खाली बसली, थेट फरशीवर. तिचे खांदे हलत होते. रडते की काय असं वाटून द्वारकाबाई पाणी आणायला निघाल्या, पण ती हसत होती. "बाई, सेलेनियम यात आहे. कोंड्याच्या औषधात घालतात. तुमच्या पोटात काही गेलेलं नाही. नखांना रोज वरून लागत होतं. आम्ही आठवडाभर तुमची काळजी करतोय, आणि तुम्ही टाचा मऊ करताय."

"म्हणजे माझी साखर त्यानं वाढलेली नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"मला तरी वाटत नाही."

सेलेनियम निर्दोष सुटलं. टेबलावरचा ढीग तेवढा राहिला, आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या द्वारकाबाई. ऋतिकाला आठवण झाली तसं तिनं सॅकमधून एक पाकीट काढून शुभंकरच्या हातात दिलं, तीन महिन्यांच्या साखरेचं. त्यानं कागद उलगडला, खिडकीजवळ नेला, दोनदा वाचला.

"आठ पॉइंट सहा."

खालून कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"तुमचा नमुना बाद करावा लागेल," ऋतिका हळूच म्हणाली. "शाम्पू बंद करा. नवं नख आलं की परत घेऊ. अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला वर्ष तरी लागतं."

"तोवर ती मांजरीला असेल," शुभंकर म्हणाला.

"मग नाही चालणार. जागा बदलली, पाणी बदललं, धान्याचं दुकान बदललं, की तुलना होत नाही. आमच्या यादीत इथल्याच बायका आहेत. एकशेवीस लागतात. बाईंना धरून एकशेवीस झाल्यात."

"आणि आईला सोडून?"

"एकशेएकोणीस," ऋतिकानं खरं ते सांगितलं.

रशीदाबींनी द्वारकाबाईंना कोपरानं ढोसलं. हा धागा पकड, असं त्या ढोसण्यात होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी द्वारकाबाईंनी तो पकडला असता, देशाच्या संशोधनावर दहा मिनिटं बोलल्या असत्या. पण त्या पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "संशोधनाचं राहू दे. मला इथं राहायचंय, शुभंकर. त्या उसाचा आवाजसुद्धा येत नाही रे तुझ्याकडं. मी खोटं बोलले. दोन वर्षं बोलतेय. पण मला इथं राहायचंय."

शुभंकरनं ढिगाकडं बघितलं, मग छत्रीकडं. एरवी खुंटीला टांगलेल्या या छत्रीखाली तो मार्चपासून दोनदा उभा राहिला होता.

"छत्रीत कुणी गोळ्या ठेवतं?" तो म्हणाला.

"उन्हाळ्यात कुणी छत्री उघडत नाही."

"आता जून आहे."

"म्हणून तर हलवणारच होते."

तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बोटांमागून त्याचा आवाज आला. "चौदाव्या मजल्यावर तू काय कुठं ठेवशील ते आम्हाला वर्षभर सापडायचं नाही. इथं निदान रशीदामावशी आहे."

"मला मध्ये घेऊ नको," रशीदाबी म्हणाल्या.

"तू मध्येच आहेस मावशी. शंकरपाळे तुझ्या घरातून आले." त्यानं हात काढले. "तीन महिने. वर्ष नाही, तीन महिने. सप्टेंबरमध्ये पुन्हा आकडा बघायचा. तोवर गोळ्या वेळेवर. आणि खोटं एकसुद्धा नाही."

ऋतिकानं सॅकमधून एक पातळ छापील वही काढली. जे नमुन्यात राहतात त्यांनी रोज जे खाल्लं ते यात लिहायचं असतं, ती म्हणाली, वेळ, पदार्थ, किती. महिन्याला ती येऊन बघणार. शुभंकर म्हणाला, तो दर रविवारी बघणार. रशीदाबी म्हणाल्या, त्यांना वाचायला चष्मा लागतो, तेव्हा अक्षर मोठं काढायचं.

शुभंकर टेबलावरचं सगळं एका पिशवीत भरायला लागला. द्वारकाबाईंनी वही मांडीवर घेतली, पेन झटकलं, पहिल्या ओळीत तारीख घातली. मग वेळ लिहिली. बारा वाजून चाळीस. मग थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, आणि पुढं मोठ्या अक्षरात लिहिलं: नानकटाई, अर्धी.

शुभंकरनं खांद्यावरून वाचलं. "ही कधी खाल्लीस?"

"तू खिडकीजवळ कागद वाचत होतास तेव्हा."

त्यानं पिशवी खाली ठेवली. तिच्यात बघितलं, नानकटाईत खरंच एक अर्धी होती, कडेला दातांची नीट कमान उमटलेली. ती त्यानं बाहेर काढली, थोडा वेळ हातात धरली आणि तोंडात टाकली.

"चहा कर," तो तोंड भरलेलं असताना म्हणाला. "तुझा बिनसाखरेचा."

"चहा लिहायचा का?" द्वारकाबाईंनी ऋतिकाला विचारलं.

"सगळं लिहायचं बाई."

त्यांनी ते लिहिलं, आणि मग गॅसकडं गेल्या.